पोट टेकणाऱ्या व्हॅनचे काय करावे?

वाहनविषयक प्रश्नोत्तरांच्या या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. गाडी जमिनीपासून पुरेशी उंच नाही, ही सर्वांची तक्रार आहे. कारणे मात्र प्रत्येकाची वेगळी आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण ती गाडी ज्या कामासाठी धावते ते काम थांबू नये असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझ्याकडे आठ आसनांची जुनी जपानी डिझेल व्हॅन आहे. माझे थोरले बंधू जपानमधील नोकरी संपवून परतले तेव्हा त्यांनी ती रीतसर शुल्क भरून आणली आणि तिची नोंदणी येथेच झाली. तिला फोर व्हील ड्राइव्ह आहे, शिवाय लो गिअरही आहे. आम्ही काही डॉक्टर महिन्यातून एकदा मुलुंडहून भिवंडी, वाडा, विक्रमगड या मार्गाने जव्हार तालुक्यातील पाड्यांवर आरोग्य तपासणीसाठी जातो. डांबरी रस्ता संपल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांची वाट आहे आणि तेथे गाडीचे पोट टेकते. गेल्या खेपेस एक पुढचे आणि एक मागचे चाक जागच्या जागी गरगर फिरत राहिले, गाडी तसूभरही हलली नाही. शेवटी पाड्यावरच्या मंडळींनी हात लावून ती बाहेर काढली. आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळील गतिरोधकावरही अलीकडे खालून घासल्याचा आवाज येतो. मी मोजले तेव्हा रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग यांमधील अंतर, १७० मिलिमीटर भरला. पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर २,८०० मिलिमीटर आहे, टायर २०५/७० आर १५ मापाचे आहेत; पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी दांड्या) आणि मागे कॉइल स्प्रिंगवर अखंड ॲक्सल आहे. गॅरेजमध्ये ५० मिलिमीटरचे स्पेसर (स्प्रिंगखाली घालायच्या जाड चकत्या) घालून गाडी उचलून घेण्याचा सल्ला मिळाला आहे. फोर व्हील ड्राइव्ह असूनही असे का व्हावे, आणि स्पेसर घालावेत का?
— एक डॉक्टर, मुलुंड (पूर्व)

उत्तर : डॉक्टरसाहेब, आपण मापे घेऊन पाठवलीत याबद्दल प्रथम आपले आभार मानतो, कारण बहुतेक पत्रांत ‘गाडी खाली लागते’ एवढेच लिहिलेले असते आणि त्यावरून काहीही सांगता येत नाही.

फोर व्हील ड्राइव्हचे काम इंजिनाचा जोर चारही चाकांपर्यंत पोहोचवणे एवढेच आहे. तो जोर जमिनीला लागायचा असेल तर चाकावर गाडीचे वजन असावे लागते. चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर गाडीचे पोट टेकले की तिच्या वजनाचा मोठा वाटा तो उंचवटाच पेलतो, चाके हलकी होतात आणि पकड सुटते. त्यातच एका ॲक्सलच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या बाजूचे चाक हलके, त्या बाजूला ते सहज फिरू देते, आणि दुसऱ्या बाजूच्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. एक पुढचे व एक मागचे चाक फिरत राहिले हे आपले निरीक्षण म्हणूनच अगदी बरोबर आहे. गाडीत दोष नव्हता. गाडी चाकांवरून उतरून पोटावर बसली होती. लो गिअरने अशा वेळी काहीही साधत नाही, उलट अधिक रेटा दिल्यास चाके माती उकरून गाडी आणखी खाली बसवतात.

आता स्पेसरविषयी. माझे मत स्पष्ट आहे : ते घालू नयेत. निदान गाडीचा नेमका कोणता भाग टेकतो हे कळण्यापूर्वी तर मुळीच नाही. ते शोधण्याची रीत मी लालबागमधील एका जुन्या कारागिरांकडून शिकलो. पानाला लावतात तो चुना थोड्या पाण्यात दाटसर कालवावा आणि रविवारी सकाळी वर्दळ नसताना सोसायटीच्या गतिरोधकाच्या माथ्यावर त्याचा जाड थर द्यावा. गाडीत नेहमीची माणसे आणि औषधांच्या पेट्या असाव्यात. गाडी अगदी सावकाश पलीकडे न्यावी, सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, इंजिन बंद करावे आणि बाजूने वाकून बॅटरीच्या उजेडात तळ पाहावा. जेथे चुना लागलेला दिसेल तोच आपला शत्रू. गाडीखाली शिरावे लागले तर ती केवळ जॅकवर उभी असताना कदापि शिरू नये. घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू, लावाव्यात, किंवा गॅरेजमधील खड्ड्यावर गाडी न्यावी. पाड्याच्या वाटेसाठी हीच तपासणी कणकेच्या गोळ्यांनी करता येते. सायलेन्सर, गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी, इंजिनाचा ऑइल चेंबर आणि मागच्या ॲक्सलचे गोल हाउसिंग, ज्याला गॅरेजमध्ये क्राऊन म्हणतात, अशा प्रत्येक ठिकाणी कणकेचा एक गोळा चिकटवावा आणि वाट संपल्यावर कोणता चपटा झाला ते पाहावे. सायलेन्सरचा गोळा गाडी निघण्यापूर्वी, नळी थंड असताना चिकटवावा.

ही रीत मला स्वतःला फार उशिरा कळली. माझी पहिली व्हॅन खाली लागू लागली तेव्हा मी घाईघाईने मागच्या दोन्ही स्प्रिंगा नव्या बसवून घेतल्या, आणि तरीही आवाज गेला नाही. चुन्याचा डाग सायलेन्सरच्या मधल्या डब्यावर उमटला तेव्हा उलगडा झाला. तो डबा ज्या दोन रबरी कड्यांना टांगलेला होता त्या उष्णतेने भेगाळून लांबल्या होत्या आणि डबा जवळपास दोन बोटे खाली लोंबत होता. कड्या बदलायला अर्धा तासही लागला नाही. आपल्या गाडीचे वय पाहता ही रबरे, तसेच इंजिन आणि गिअरबॉक्स ज्यांवर बसतात ती माउंटिंगची रबरे आधी तपासावीत. माउंटिंग खचले की गिअरबॉक्स आणि त्याखालचा सर्व पसारा खाली येतो.

दुसरी गोष्ट आपल्या मापाविषयी. आपण रिकामी गाडी मोजलीत. पाड्यावर जाते ती भरलेली गाडी. काही कंपन्या माहितीपत्रकात रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स छापतात, काही भरलेल्या गाडीचा, त्यामुळे दोन गाड्यांची छापील मापे ताडून पाहण्यात फारसा अर्थ नसतो. आठ माणसे सरासरी ६५ किलो वजनाची धरली तरी ५२० किलो होतात. औषधांच्या पेट्या, पाण्याचे कॅन आणि घडीची टेबले निराळी. म्हणून प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर गाडी रिकामी असताना आणि भरलेली असताना मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजू नये, कारण त्यात टायरच्या हवेचा फरक मिसळतो. डाव्या-उजव्या बाजूंच्या मापांत फरक आढळला, किंवा रिकामी गाडीही कंपनीने दिलेल्या मापापेक्षा खाली असली, तर स्प्रिंगा बसल्या आहेत असे समजावे.

समजा, भरलेल्या गाडीचे पोट १७० वरून १३० मिलिमीटरवर येते. चाकांमधील अंतर २,८०० मिलिमीटर असताना, पोट न टेकवता गाडी ज्या उंचवट्याच्या शिखरावरून जाऊ शकते त्याचा कोन रिकाम्या गाडीसाठी सुमारे १४ अंश आणि भरलेल्या गाडीसाठी सुमारे साडेदहा अंश येतो. ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटर आणि चाकांमधील अंतर २,४०० मिलिमीटर असलेल्या आखूड जीपसारख्या गाडीला हाच कोन जवळजवळ १९ अंश मिळतो. जेथून जीप निघून जाते तेथे आपली व्हॅन का अडते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. व्हॅन लांब असते, आणि लांबीची किंमत मधल्या उंचवट्यावर मोजावी लागते.

म्हणून पहिला उपाय वजनाचा. पक्क्या रस्त्याच्या टोकाला गाडी थांबवून चालू शकणाऱ्यांनी उतरावे, आणि वाईट पट्टा ओलांडेपर्यंत चालत यावे. हा उपाय साधा आहे, परंतु त्याने गाडी लगेच दोन-अडीच सेंटिमीटर वर येते आणि तेवढ्याने बहुतेक वेळा भागते. पाण्याचे कॅन वर जाऊन भरता येत असतील तर मुंबईहून भरलेले नेऊ नयेत. टपावरच्या कॅरिअरवर सामान लादून पोट वाचत नाही. वजन तेच राहते आणि गाडी वळणावर कलंडण्याचा धोका तेवढा वाढतो.

दुसरा उपाय म्हणजे बसलेल्या स्प्रिंगा मूळ मापाच्या नव्या घालणे आणि पुढचे टॉर्शन बार कंपनीच्या मापापर्यंत पुन्हा आवळून घेणे. ‘मूळ मापापर्यंत’ हे शब्द मी जाणीवपूर्वक लिहितो. टॉर्शन बारचा बोल्ट फिरवून पुढचा भाग हवा तेवढा उचलता येतो, आणि गॅरेजमध्ये ते पंधरा मिनिटांचे काम असते, म्हणूनच तो मोह वाईट. गाडी मापापलीकडे उचलली की चाकाला खाली झेपावण्यासाठी ठेवलेली जागा संपते आणि प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शन आपल्याच टोकावर आपटते. पुढच्या ॲक्सलचे जोड तिरके चालू लागतात, त्यांची रबरी टोपणे फाटतात, ग्रीस उडून जाते आणि काही महिन्यांत जोड कटकट वाजू लागतात. चाकांचा कल बदलल्यामुळे टायर एका कडेने झिजतात.

मागच्या बाजूचा प्रश्न आणखी मूलभूत आहे. आपल्या गाडीला मागे अखंड ॲक्सल आहे. त्याचे गोल हाउसिंग चाकांनाच बांधलेले असल्यामुळे स्प्रिंगखाली कितीही जाड स्पेसर घातला तरी हाउसिंग जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही, फक्त बॉडी वर जाते. चुन्याचा डाग हाउसिंगवर उमटला, तर स्पेसरचा सगळा खर्च वाया जाईल. शिवाय बॉडी उंच झाल्यावर मागच्या ॲक्सलला जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून त्याचे सांधे, म्हणजे क्रॉस, लवकर जातात आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर येतात. ज्या गोष्टीकडे फारच थोडे कारागीर लक्ष देतात ती मात्र ब्रेकची आहे. अनेक व्हॅनमध्ये मागच्या ॲक्सलला एक काडी जोडलेली असते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. गाडी भरली आणि खाली बसली की हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला अधिक दाब देतो. स्पेसरने बॉडी वर उचलली की व्हॉल्व्हचा समज होतो की गाडी रिकामी आहे. मग आठ माणसांनी भरलेली गाडी घाट उतरत असताना मागचे ब्रेक निम्म्याच मनाने लागतात. या एका कारणासाठीसुद्धा मी आपणास स्पेसरला नकार देण्याची विनंती करीन.

हाउसिंग खरोखर उंच करायचे असेल तर मार्ग एकच, तो म्हणजे टायरचा व्यास. आपल्या २०५/७० आर १५ टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर आहे. २१५/७५ आर १५ घेतला तर तो सुमारे ७०४ मिलिमीटर होतो, आणि गाडी व्यासातील फरकाच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम १८ मिलिमीटर वर येते. वेगमापक त्यामुळे सुमारे पाच टक्के कमी दाखवू लागतो. काटा ६० वर असताना गाडी प्रत्यक्षात ६३ च्या वेगाने धावत असते. गाडीच्या दारावरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत असे मोठे माप पर्याय म्हणून दिलेले असेल तरच ते घ्यावे, आणि घेतल्यास चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि सारख्या झिजेचे असावेत, स्टेपनीसुद्धा. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांचा व्यास वेगळा असेल तर ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीत, सतत पीळ पडतो आणि ते खराब होते. याच कारणामुळे सुक्या डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्ह लावून ठेवू नये. आपल्या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले डिफरन्शियल नसेल तर वळणावर गाडी अडखळल्यासारखी होते, तो हाच पीळ असतो.

चाक मोठे करणे कारखान्यालाही सोपे नव्हते. १९८५ साली फोक्सवॅगनने आपली ‘सिंक्रो’ ही फोर व्हील ड्राइव्ह व्हॅन ऑस्ट्रियातील ग्राझ येथे, स्टायर-डायम्लर-पुख या कंपनीकडे तयार करवून घेतली. नेहमीची सिंक्रो १४ इंची चाकांवर होती. अधिक खडतर वापरासाठी १६ इंची चाके देताना चाकांवरील कमानी मोठ्या कराव्या लागल्या, बॉडीला ठिकठिकाणी बळकटी द्यावी लागली आणि ॲक्सलचे भागही बदलावे लागले. म्हणजे दोन इंचांसाठी जवळपास वेगळीच गाडी घडवली गेली. पोटाखाली तर नेहमीच्या सिंक्रोलाही लांब लोखंडी पट्ट्या दिलेल्या होत्या, कारण अशी व्हॅन कधी ना कधी टेकणारच, हे रचनाकारांनी गृहीत धरले होते.

आपणही ते गृहीत धरावे. टेकणे पूर्ण टळणार नसेल तर जेथे टेकेल तेथे संरक्षण द्यावे. ऑइल चेंबर आणि ट्रान्सफर केसखाली ६० बाय ८० सेंटिमीटरची, चार मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट सुमारे १५ किलोची होते. सहा मिलिमीटरची ॲल्युमिनिअमची प्लेट आठ किलोच्या आत बसते. पोलाद दगडावरून सहज घसरते आणि ठोकून सरळ करता येते, म्हणून आपल्या वाटेसाठी मी पोलादच सुचवीन. प्लेटची पुढची कड वर वळवलेली असावी, म्हणजे ती माती खणत जाणार नाही. तेल काढण्याच्या बोल्टसमोर भोक आणि पाणी निथळण्यासाठी तीन-चार छिद्रे आवश्यक आहेत. आपल्याकडच्या पावसात प्लेटवर चिखल साचून राहिला तर दोन वर्षांत सारे गंजते. प्लेट चॅसीला बसवावी, ऑइल चेंबरला टेकू देऊ नये, आणि तिने स्वतः खालची जागा किती खाल्ली तेही मोजावे.

राहिले गाडी चालवणे. चाकोऱ्या खोल असतील तर चाके चाकोरीत सोडू नयेत. एका बाजूची चाके मधल्या उंचवट्यावर आणि दुसऱ्या बाजूची चाकोरीबाहेरच्या काठावर ठेवावीत, म्हणजे पोट चाकोरीच्या पोकळीवरून जाते. काठ ढासळणारा वाटला तर आधी उतरून पायाने दाबून पाहावा. लो गिअरमध्ये, माणूस चालतो त्या गतीने जावे. उंचवट्याच्या माथ्यावर ब्रेक दाबू नये, कारण ब्रेक लागताच गाडीचे नाक खाली जाते आणि नेमके तेव्हाच टेकते. एका सहकाऱ्याने पुढे उभे राहून हाताने दिशा दाखवावी.

एवढे करूनही गाडी पोटावर बसलीच, तर ॲक्सिलरेटर लगेच सोडावा. गाडीत एक फावडे, ३० बाय ३० सेंटिमीटरची जाड प्लायवूडची फळी, दोन लाकडी ओंडके आणि चांगला जॅक असावा. फळी जॅकखाली घालावी, नाहीतर ओल्या मातीत गाडीऐवजी जॅकच खाली जातो. चाक उचलून त्याखाली दगड भरावेत. गाडी पोटावरून पुन्हा चाकांवर आली की जो जोर मघाशी वाया जात होता तोच तिला बाहेर काढतो. पुढच्या खेपेस पाड्यावरच्या मंडळींसोबत बसून वाटेतील सर्वांत वाईट दोन जागी मधला उंचवटा फावड्याने हातभर रुंद तासून घेता आला, तर तो वरच्या सर्व उपायांपेक्षा स्वस्त पडेल, आणि पावसाळ्यात रुग्णवाहिका येण्याची वेळ आली तर तिलाही त्याचा उपयोग होईल.

प्रश्न : माझी मारुती ईको आहे आणि मी घरगुती जेवणाचे डबे पोहोचवते. आमच्या सोसायटीने लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी सिमेंटचा गतिरोधक बांधला आहे. तो १३ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम ४५ सेंटिमीटर रुंद आहे. डबे भरलेले असले की गाडी खाली आपटते. सचिव म्हणतात, गतिरोधक असाच असतो. कोणाचे बरोबर?
— एक वाचक, गोरेगाव (पश्चिम)

उत्तर : ताई, मुलांची काळजी सोसायटीची रास्त आहे, परंतु गतिरोधकाचा आकार चुकला आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेत ताशी २५ किलोमीटर वेगासाठी सांगितलेला गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची असते. ईकोच्या चाकांमधील अंतर २,३५० मिलिमीटर आहे. अशा गतिरोधकाच्या मधोमध ती उभी केली तरी चाकेही त्या चढावरच असल्यामुळे पोटाखालची फक्त ४१ मिलिमीटर जागा कमी होते. १६० मिलिमीटरपैकी सुमारे १२० शिल्लक राहतात. गाडी भरलेली असली तरी पुरतात. तुमच्या अरुंद गतिरोधकावर मात्र चारही चाके सपाट जमिनीवर आणि १३ सेंटिमीटरचा सिमेंटचा कठडा बरोबर पोटाखाली, अशी स्थिती येते. भरलेल्या गाडीची स्प्रिंग थोडी दबली की आपटणे अटळ आहे.

ही मार्गदर्शिका सार्वजनिक रस्त्यांसाठी आहे, पण सोसायटीला तोच आकार घेण्यापासून कोणी अडवलेले नाही. सभेत खडूने जमिनीवर ३.७ मीटरची रेघ आखून दाखवावी. आकडा सांगण्यापेक्षा ती रुंदी डोळ्यांना लवकर पटते. जागा कमी असेल तर आहे त्याच कठड्याच्या दोन्ही बाजूंना लांब उतार भरून घेणे आणि माथा १० सेंटिमीटरपर्यंत तासणे, हे एका दिवसाचे काम आहे. त्यावर काळे-पांढरे पट्टे रंगवायला विसरू नये. तोवर शक्य असेल तेथे गाडी तिरकी घालावी, म्हणजे एका वेळी एकच चाक चढते आणि पोट एकदम मध्ये सापडत नाही. गाडीला खाली सीएनजीची टाकी असेल आणि तिला मार बसल्याची शंका असेल, तर तीन वर्षांच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता अधिकृत केंद्रात ती दाखवून घ्यावी.

प्रश्न : मित्रांनी स्प्रिंग आणि टायर बदलून गाड्या तीन-चार इंच उंच केल्या आहेत. मलाही माझी व्हॅन तशी करायची आहे. कायद्याची अडचण येते का?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हाच अर्थ ठामपणे मांडला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात. मित्रांच्या गाड्या आजवर अडवल्या गेल्या नसतील, पण अपघातानंतर विम्याचा सर्वेक्षक गाडी पाहायला येतो तेव्हा तो या गोष्टी पाहतोच. कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायची जी रबरे मिळतात त्यांविषयीही अनेक जण विचारतात. ती बसलेल्या स्प्रिंगला काही काळ आधार देतात हे खरे, परंतु दोन वेढे जखडले गेल्यामुळे उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो. स्प्रिंग थकली असेल तर स्प्रिंगच बदलावी.

प्रश्न : परळला हिंदमातापाशी पाणी भरले की माझी व्हॅन अडकते. ग्राउंड क्लिअरन्स वाढवला तर पाण्यातून जाता येईल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : नाही. पाण्यात गाडीचे पोट बुडाले तरी लगेच काही बिघडत नाही. निर्णायक असते ती एअर फिल्टरकडे हवा ओढणारी नळी. काही व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या आसनांखाली आणि ही नळी बरीच खाली असते. तिच्यातून घोटभर पाणी आत गेले तरी सिलिंडरमध्ये ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात हे अधिक लवकर होते. बॉनेट किंवा आसन उचलून त्या नळीचे तोंड जमिनीपासून किती उंचीवर आहे ते टेपने मोजावे, त्यातून समोरच्या बसने उठवलेल्या लाटेसाठी किमान वीतभर वजा करावे, आणि उरलेल्या उंचीपेक्षा पाणी वर असेल तर गाडी पाण्यात घालू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा उंच जीपही वाचल्या नाहीत, आणि अनेकांनी गाडी सोडण्यास उशीर केला. पाणी दाराच्या उंबरठ्याशी आले की गाडीचा मोह सोडून बाहेर पडावे.

पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून पाहू नये. ढकलून किंवा ओढून कोरड्या जागी न्यावी. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत चढले असेल तर इंजिन सुस्थितीत असले तरी मागच्या हाउसिंगचे आणि गिअरबॉक्सचे तेल पाहून घ्यावे. गरम हाउसिंग थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि खराब झालेल्या सीलमधून किंवा हवेच्या छोट्या नळीतून पाणी आत ओढले जाते. भरण्याचा बोल्ट सैल करून बोटाला लागलेले तेल उजेडात धरावे. ते दुधाळ दिसले तर त्याच आठवड्यात बदलून घ्यावे आणि हवेची ती नळी बॉडीपर्यंत उंच नेऊन बांधावी.